सरकलेलं कौल

ठिपकी गेली त्या सकाळी मी खुराड्याची कडी काढली, तरी आतून एकही कोंबडी बाहेर आली नाही. एरवी कडी वाजली की दाराशी नुसती रेटारेटी चालते, आणि कोंबडा सगळ्यांच्या अंगावरून उडी मारून पहिला बाहेर पडतो. त्या दिवशी सगळ्या मागच्या भिंतीला चिकटून, एकमेकींवर चढून बसल्या होत्या. ठिपकी मधोमध पडली होती. मान आणि छाती खाल्लेली, बाकी अंग जसंच्या तसं. पिसं सगळीकडे. आणि दाराची कडी मी रात्री लावली होती तशीच.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. आमचं गाव देवरुखपासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे. घरामागे काजू-फणस, त्यापलीकडे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्यापलीकडे थेट रान. सहा वर्षं मी कोंबड्या पाळते, गावरान, अंड्यांसाठी. त्या वेळी मोठ्या एकोणीस होत्या. ठिपकी त्यातली सगळ्यात जुनी. पहिल्यांदा खुडूक बसली तेव्हा तिच्याखाली बारा अंडी ठेवली होती, एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. बारावं अंडं ती पुढे दोन दिवस सोडायला तयार नव्हती. अशी कोंबडी गेली की घरातलं माणूस गेल्यासारखं होतं, हे ज्यांनी पाळल्यात त्यांना सांगायला नको.

"शिजव आता, कशाला टाकतेस," असं दोघी-तिघी म्हणाल्या. एक तर मार्गशीर्ष, आणि दुसरं म्हणजे कुठल्या जनावराने तोंड लावलेली कोंबडी मी घरात आणणार नव्हते. नारळाच्या पुढे दीड हात खड्डा खणून पुरली, वर चुना आणि दगड. हे मुद्दाम सांगते, कारण मेलेली कोंबडी गडग्यापलीकडे भिरकावून देणं म्हणजे येणाऱ्याला वाट दाखवणं. तो वास रात्रभर रानात फिरतो.

कोण आलं असेल यावर वाडीत प्रत्येकाचं मत तयार होतं. कोणी म्हणालं मुंगूस. कोणी म्हणालं बाऊल, म्हणजे रानमांजर. पलीकडच्या घरातला कुत्रा हल्ली मोकळा सुटतो, त्याच्यावरही आळ आला. सासूबाई काठी टेकत खुराड्यापर्यंत आल्या, खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो, बाऊल असता तर कोंबडी उचलून नेली असती. पिसांची वाट लागली असती गडग्यापर्यंत. ह्याने इथेच बसून खाल्लंय. आणि कुत्रा असता तर एकीवर भागलं नसतं, दारही राहिलं नसतं."

मुंगसाचं मी आपल्या मनानेच खोडलं. मुंगूस दिवसाचं जनावर. दुपारी, माणसं आडवी झाली की ते येतं, पिल्लू मानेला धरून पळतं. मी स्वतः दोनदा त्याच्या मागे धावले आहे. पण रात्री नऊनंतर आणि पहाटे पाचच्या आत जे येतं ते दुसरंच कोणीतरी.

त्या दिवशी मी खुराड्याच्या चारी भिंती चाचपल्या. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मातीत बांधलेल्या. कोपऱ्यात घुशीचं एक जुनं बीळ होतं, ते दगड ठोकून बुजवलं. दाराला कोंबडीजाळी होती, षटकोनी डोळ्यांची, ती ओढून बघितली, घट्ट होती. सगळं बघितलं, फक्त वर बघितलं नाही. आठ दिवसांनी आणखी दोन गेल्या. एक खाल्लेली, दुसरीच्या मानेला नुसता चावा. आणि त्या दिवशी सकाळच्या उन्हाची तिरीप खुराड्याच्या आत जमिनीवर पडलेली दिसली, हाताच्या पंजाएवढी. वर बघते तर आढ्याजवळचं एक कौल चार बोटं खाली सरकलेलं.

पहिल्या दिवशी मान वर केली असती तर त्या दोघी वाचल्या असत्या. हे मला अजून लागतं.

कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. बसायच्या बांबूवर एकदा टेकली की ती पहाटेपर्यंत तिथून हलत नाही. शेजारची मेली तरी ती ओरडून पळत नाही, दडपून बसते. म्हणून तर रात्री आवाज आला नाही म्हणजे काही झालं नाही असं धरून चालता येत नाही. आणि कोंडलेल्या जागेत शिरलेलं जनावर भूक भागल्यावरही मारत सुटतं, कारण समोरचं भक्ष्य पळून जातच नाही. लोक म्हणतात, माजलं म्हणून मारतं. तसं काही नाही. रानात एक पक्षी धरला की बाकीचे उडून जातात. इथे उडायला जागा मीच ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या कोंबड्या पडवीत आणल्या. चार-चार करून डालग्यांखाली झाकल्या, वर पाटे ठेवले. कोंबडा मात्र माजघरात, कारण तो डालगं उलथतो. आणि रिकाम्या खुराड्याभोवती राख पसरली.

ही राखेची युक्ती सासूबाईंची. न्हाणीच्या चुलीतली राख पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून घ्यायची, कोळशाचा खडा राहता कामा नये. मग दारासमोर, भिंतीच्या कडेने आणि जिथून वर चढता येईल तिथे पातळ थर द्यायचा, नखाच्या जाडीइतकाच. थर जाड झाला तर पाऊल खचतं, बोटं उमटत नाहीत. सकाळी उन्हं डोक्यावर यायच्या आत बघायचं. तेवढा धीर नसेल तर बॅटरी जमिनीलगत आडवी धरायची. वरून प्रकाश टाकला तर राख सपाट दिसते, आडवा टाकला की प्रत्येक बोटाची सावली पडते.

पहिल्या रात्री काही नाही, फक्त बेडकाच्या उड्या. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या सकाळी भिंतीच्या मागच्या कोपऱ्याला पावलं होती. मी गुडघे टेकून मोजली. पाच बोटं, टाच पूर्ण टेकलेली, एखाद्या तान्ह्या मुलाच्या हातासारखी. मांजराच्या पावलात चार बोटं उमटतात, नखं दिसत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा आणि कोल्हा यांचीही चारच, पण पुढे नखांचे ठिपके. पाच बोटं आणि रात्रीची वेळ म्हटल्यावर सासूबाईंनी राखेकडे न बघताच नाव सांगितलं. "कांडेचोर."

म्हणजे पुस्तकातलं उदमांजर. नाव मांजराचं, पण ते मांजराच्या कुळातलं नव्हे. लांबलचक शेपटी, राखाडी-काळपट अंग, डोळ्यांभोवती मुखवटा घातल्यासारखे पट्टे. झाडावरच त्याचा जन्म जातो. माडावर चढतं, माडीच्या मडक्याला तोंड लावतं, फळं खातं, उंदीर खातं, आणि मिळाली तर कोंबडी. नाव कळल्याबरोबर मला गेल्या महिन्यातल्या दोन गोष्टी आठवल्या. परसातल्या पपईवर एक पिकलं फळ वरच्या वर पोखरलेलं सापडलं होतं, मी वटवाघळांना दोष दिला होता. आणि गडग्याच्या सपाट दगडावर रोज सकाळी विष्ठा पडलेली असायची, काळ्या बियांनी भरलेली. काडीने उकरून बघितली तर पपईच्याच बिया, शिवाय भेरल्या माडाच्या मोठ्या बिया, तशाच्या तशा अख्ख्या. म्हणजे हा पाहुणा महिनाभर आधीपासून आमच्याकडे जेवत होता आणि रोज पाटी लावून जात होता. मला वाचता येत नव्हतं एवढंच.

आणि ती पपई खुराड्याच्या छपराला टेकलेली. फळाकडे येता येता खालून कोंबड्यांचा वास आला असणार.

भाच्याने त्याच्या खोलीतला वायफायचा जुना कॅमेरा आणून दिला, अंधारात बघणारा. पडवीच्या वाशाला बांधला. पाचव्या रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी मोबाइल वाजला. मी अंथरुणात उठून बसले आणि बघत राहिले. पडद्यावर सगळं करडं. पपईच्या खोडावरून ते खाली डोकं करून उतरलं, शेपटी वर, अजिबात घाई नाही. छपरावर आलं आणि आढ्यावरून चालत गेलं, पाय असे टाकत की एकही कौल वाजू नये. त्या ठरावीक कौलापाशी थांबलं. मी कौल सरळ करून ठेवलं होतं. त्याने नाक खाली घातलं, मग पुढचा उजवा पंजा कौलाच्या कडेखाली सारला आणि मनगट फिरवावं तसा फिरवला. कौल सरकलं. डोकं आत, मग खांदे, मग सगळी शेपटी ओढल्यासारखी आत गेली. रिकाम्या खुराड्यात ते चार मिनिटं होतं. बाहेर आलं, छपरावर बसलं, पंजा चाटला आणि पडवीकडे तोंड करून स्वस्थ बघत राहिलं. डोळे दोन दिव्यांसारखे चमकत होते. डालग्यांखालच्या कोंबड्या त्याला कळल्या होत्या, पण पडवीत माणसाचा वास होता. थोड्या वेळाने उठून पपईवर गेलं.

माझ्या तीन कोंबड्या त्याने मारल्या होत्या, तरी बघताना राग आला नाही. इतकं नेटकं काम करणारं जनावर मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

सकाळी तो व्हिडिओ थोरल्या भाऊजींना दाखवला. त्यांच्याही चार गेल्या होत्या दिवाळीच्या सुमाराला. ते म्हणाले, "वहिनी, आता कळलंय ना वाट कुठली, मग पपईच्या बुंध्याला तारेची फासकी लावतो. एका रात्रीचं काम." वाडीत आणखी एकाने कोंबडीच्या आतड्यात औषध घालून ठेवायचं सुचवलं. औषध म्हणजे शेतात मारायचं विष.

मी दोन्हीला नाही म्हणाले, आणि त्यावरून आमच्याकडे दोन दिवस बोलणं बंद होतं. माझी बाजू साधी होती. विष ठेवलं तर ते कांडेचोरालाच मिळेल याची खात्री कोण देणार? आमचा कुत्रा आहे, वाडीतली मांजरं आहेत, सकाळी कावळे येतात, आणि वाडीतली पोरं कुठेही हात घालतात. फासकीचं तर आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो आणि मग दिवसभर तारेत कमरेला कापत पडून राहतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे वर्षानुवर्षं चाललंय. आमच्या वरच्या डोंगरात एकदा झालं होतं तेव्हा त्याचं ओरडणं खाली वाडीपर्यंत येत होतं. तो आवाज भाऊजींनीही ऐकलाय. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण आहे. मारलं, पकडलं, तर गुन्हा. आणि पकडून लांब सोडलं तरी काय होतं? रिकाम्या झालेल्या जागेत महिन्या-दोन महिन्यांत दुसरं येतं, आणि सरकणारं कौल त्याचीही वाट बघतच असतं.

शेवटी भाऊजींना मी एकच विचारलं, "तुमच्या खुराड्याची कौलं बघितलीत का?" ते उठून गेले. परत आले ते शिडी घेऊनच.

दोन दिवस आम्ही दोघांचीही खुराडी उघडून बसलो. कौलं उतरवली, वाशांवर चौकोनी वेल्डेड जाळी ठोकली आणि वर पुन्हा कौलं चढवली. आता कौल सरकवलं तरी खाली जाळी. ही जाळी अर्ध्या इंचाच्या डोळ्याची घ्यायची, बोटाने दाबून वाकणार नाही अशी. षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि एक इंची डोळ्यातून उंदीर सहज जातो. माझ्या दाराची जाळी मी त्याच दिवशी बदलली. खिळ्यांवर भरवसा न ठेवता पट्ट्या मारून स्क्रूने आवळली, कारण खिळा रोज थोडा थोडा ओढला की सुटतो.

जमिनीचंही केलं. भिंतीच्या बाहेरून सव्वा हात रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरली, भिंतीकडची कड दगडांनी दाबली आणि वर माती टाकली. घूस, कुत्रा, कोल्हा, कोणीही उकरायला येतो तो भिंतीच्या अगदी बुडाशी. तिथे खाली जाळी लागली की मागे सरकून लांबून उकरायची अक्कल त्याला सुचत नाही. घुशीने मला फार रडवलंय. पिल्लं लहान असताना रोज एक-एक कमी व्हायचं, ना रक्त ना पीस. मला वाटायचं नाग नेतो. मग एकदा बिळाच्या तोंडाशी पिल्लाचा पाय दिसला, ओढून आत नेलेला. पिल्लू नाहीसं झालं तर आधी जमिनीकडे बघावं हे तेव्हा शिकले.

अंड्यांचं वेगळं असतं. टरफलं विखुरलेली सापडली तर उंदीर-घूस किंवा मुंगूस. टरफलाचा मागमूसही नाही आणि कोंबडी मात्र त्या कोपऱ्याकडे जायलाच तयार नाही, तर साप. दोन पावसाळ्यांपूर्वी खुराड्यातून रात्री खूप कलकल आली म्हणून बॅटरी घेऊन गेले तर अंड्यांच्या टोपलीत नाग, फणा काढून. मी दार उघडं टाकून मागे सरकले आणि सर्पमित्राला बोलावलं. तो येईपर्यंत पाऊण तास मी लांब खुर्ची टाकून बॅटरी नागावरच धरून बसले, कारण नजरेआड झालेला साप शोधणं हे सगळ्यात अवघड काम. त्यानंतर खुराड्याला लागून रचलेली नारळाची सोडणं आणि लाकडं दहा पावलं लांब नेली. त्या राशीत उंदीर राहत होते, उंदरांसाठी साप येत होता. रात्री खाद्याचं भांडं आत ठेवणंही तेव्हाच बंद केलं.

कडीबद्दल एक सांगायचंय. नुसती आडवी कडी पुरत नाही. दार हलवत राहिलं की ती सरकते. मी कडीच्या भोकात तारेचा आकडा अडकवते. तो काढायला मलाही दोन्ही हात लागतात.

चमकणारे सौर दिवे मी लावून बघितले. पहिले दहा दिवस छान, मग कांडेचोर त्यांच्या खालून चालत गेलेला कॅमेऱ्यात दिसला. दर तीन-चार दिवसांनी जागा बदलली तर थोडा उपयोग होतो. त्यांच्यावर विसंबू नये.

दोन्ही खुराड्यांची जाळी, स्क्रू, पट्ट्या मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. मजुरी घरचीच. भाऊजींनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, म्हणाले अंडी दे. तुमच्याकडे जनावर मोठं असेल, बिबट्या वाडीत फिरत असेल किंवा अजगर खुराड्यात सापडला, तर स्वतः काही करायला जाऊ नका. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, आणि जवळच्या वनपालाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. रात्री दोन वाजता मोबाइलमध्ये तो सापडत नाही.

पपई तोडायची का, यावर घरात चर्चा झाली. छपराला टेकलेली होती म्हणून मी तयार होते. सासूबाईंनी तोडू दिली नाही. त्यांचं म्हणणं, "फळ आहे तोवर तो फळ खाईल. फळ काढून घेतलंस तर जाळीशी रोज झोंबेल." मग बुंध्याला छातीच्या उंचीवर पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळला, नखं रुतू नयेत म्हणून, आणि छपराकडे झुकलेला शेंडा दोरीने गडग्याकडे ओढून बांधला. पट्ट्याचा पुरता उपयोग झाला नाही. फणसाच्या फांदीवरून तो अजूनही पपईवर उतरतो. पण छपरापर्यंत आता उडी पोहोचत नाही.

तेव्हापासून एकही गेलेली नाही. आता सत्तावीस आहेत. दिवेलागणीला मी बाहेर उभी राहून मोजते, एकेक आत जाताना, मोठ्याने. आकडा जुळला नाही तर बॅटरी घेऊन काजूखाली बघून येते, कारण दोन तलंगांना, म्हणजे तरण्या कोंबड्यांना, झाडावर झोपायची खोड आहे. मग कडी, आकडा, आणि वर बघून कौलांची ओळ.

राख अजून पसरते, रोज नाही, आठवड्यातून दोनदा. काल सकाळी पावलं होती. फणसाकडून आलेली, मागच्या कोपऱ्यापर्यंत, तिथे थोडी घोटाळलेली, मग वळून सरळ गडग्याकडे गेलेली. गडग्याच्या दगडावर ताजी विष्ठा, बिया पपईच्या. मी कोंबड्या सोडल्या, खराट्याने राख सारखी केली आणि चहा टाकायला आत गेले.